सूत्र कोणाच्या हाती?

२०२० सालच्या मार्च महिन्यात माझा भाचा चार दिवसांसाठी म्हणून नांदेडहून लातूरला आमच्याकडे आला आणि चार महिने राहिला. येताना त्याने दोन सदरे आणि एक लॅपटॉप एवढेच सामान आणले होते. २५ मार्चपासून सारा देश घरात बसला आणि जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. लोहा, अहमदपूर आणि चाकूर ओलांडले की नांदेडहून माणूस लातूरला येतो. दीडशे किलोमीटरांच्या आतला हा रस्ता, पण त्या दिवसांत तो रामेश्वराइतका लांब होऊन बसला.

आठ दिवसांनी माझ्या लक्षात आले, की मध्यरात्र उलटली तरी त्याच्या खोलीतला उजेड मालवत नाही. मी पडलो शाळामास्तर. मॅट्रिकच्या पुढे माझी गाडी गेली नाही. एका लहानशा खाजगी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवावा आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहाव्यात, असा माझा संसार. पण रात्री जागणाऱ्या मुलाविषयी संशय घ्यायला पदवी लागत नाही. मी हळूच दार लोटले. समोर चित्र नव्हते की रंग नव्हता. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे सरकत होती आणि भाचेबुवा एका बोटाने हनुवटी खाजवीत ती वाचत बसले होते.

"काय करायलास रे?"

"मामा, नांदेडच्या मशीनवर पोरं खेळायलीत. लक्ष ठेवायलोय."

"आणि तू नाही खेळत?"

"मी खेळलो तर सांभाळायचं कोणी?"

वाचकहो, या एका उत्तराने माझा राग विरघळला आणि कुतूहल जागे झाले. पुढच्या चार महिन्यांत मी त्याच्याकडून आणि नंतर पुस्तकांतून जो इतिहास गोळा केला, तो सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी तो काय सांभाळीत होता ते सांगतो. नांदेडला माझ्या बहिणीच्या घरी, माळ्याखाली एक जुना संगणक होता. त्याला पडदा नव्हता आणि बटणांची पाटीही नव्हती. एक वीजेची तार आत गेलेली आणि इंटरनेटची एक तार बाहेर आलेली. त्या डबड्यात 'माइनक्राफ्ट' नावाच्या खेळाचे एक अखंड जग चालू होते. मार्कुस पर्सन या स्वीडिश गृहस्थाने २००९ साली आरंभलेला हा खेळ म्हणजे ठोकळ्यांची सृष्टी. माती खणावी, दगड फोडावा आणि मनास येईल ते बांधावे. नांदेडची सहा आणि लातूरची सहा, अशी बारा मुले आपापल्या घरून त्या एका जगात उतरत. नांदेडकरांनी कंधारचा किल्ला बांधायला घेतला होता आणि लातूरकरांनी उदगीरचा. मी इतिहासाचा मास्तर असल्याने मग मीही गप्प बसेना. कंधारचा खंदक रुंद करा, असा निरोप मी धाडी. आणि उदगीरच्या मुलांना १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाचा तिथे कसा पाडाव केला ते सांगे.

अशा खेळात प्रत्येक मुलाच्या यंत्रावर दिसते ते केवळ चित्र. खरे जग एकाच ठिकाणी असते. मूल आपल्या घरून फक्त 'मी पुढे सरकलो, मी दगड फोडला' एवढे कळवते; ते खरे धरायचे की नाही याचा निवाडा मधले यंत्र करते आणि सर्वांना कळवते. या मधल्या यंत्राला सर्व्हर म्हणतात. आणि ज्या यंत्रावर स्वतः कोणी खेळत नाही, केवळ निवाड्याचेच काम चालते, तो 'डेडिकेटेड' सर्व्हर. म्हणजे त्या कामालाच वाहिलेला. त्याला चित्रांची गरज नाही, म्हणून पडदाही नको. त्याच्याशी बोलायचे ते लेखी आज्ञांनी, एका ओळीत एक. 'लिस्ट' म्हटले की आत कोण कोण आहे त्यांची नावे येतात. 'से' म्हणून काही लिहिले की ते सर्वांना दिसते. 'व्हाइटलिस्ट' म्हणजे दारावरची यादी, 'बॅन' म्हणजे हद्दपारी, 'सेव्ह-ऑल' म्हणजे सारे जग लिहून ठेवणे आणि 'स्टॉप' म्हणजे नीट आवरून दार लावणे.

मला विष्णुदास भावे आठवले. १८४३ साली सांगलीत त्यांनी 'सीतास्वयंवरा'चा प्रयोग केला, त्यात सूत्रधार आरंभापासून रंगभूमीवर उभा राहून पदे म्हणे आणि पात्रे त्याच्या सांगण्यावर चालत. भाव्यांना कळसूत्री बाहुल्यांचाही नाद होता. पण तो सूत्रधार लोकांना दिसत तरी असे. आमचा सूत्रधार लातुरात गंजी घालून बसलेला आणि त्याचे सूत्र दीडशे किलोमीटर लांबीचे.

या आज्ञेच्या ओळीचा पूर्वज म्हणजे आपला तारायंत्र. एका गावी बसून खटखट करावी आणि दुसऱ्या गावी कागदावर अक्षर उमटावे, ही किमया आपल्या आजोबांना परिचित होती. दारात तारवाला आला की घरातल्या बायका आधी रडायला लागत. १४ जुलै २०१३ च्या रात्री आपल्या देशात शेवटच्या तारा स्वीकारल्या गेल्या आणि ते पर्व संपले. पण तारेचा मुलगा टेलिप्रिंटर, म्हणजे टेलिटाइप, त्याआधीच संगणकाच्या घरी दत्तक गेला होता. सुरुवातीच्या अनेक संगणकांना पडदा नसे. टेलिटाइपवर आज्ञा छापावी आणि उत्तरही कागदावर छापून यावे, असा व्यवहार चाले. आजही भाच्याच्या त्या काळ्या पडद्याचे आतले नाव 'टीटीवाय', म्हणजे टेलिटाइपचेच आखूड रूप. माणसे जातात, आडनाव राहते.

आता गंमत अशी, की या आज्ञेच्या ओळीचे जे रूप आज जगभर चालते, त्याच्या जन्मालाही एक खेळ कारणीभूत झाला. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन नावाच्या तरुणाने ग्रहमालेतून यान चालविण्याचा 'स्पेस ट्रॅव्हल' हा खेळ लिहिला. मोठ्या यंत्रावर तो एकदा खेळायचा तर सुमारे ७५ डॉलर किमतीचा यंत्राचा वेळ खर्ची पडे. तेव्हा त्याने कोपऱ्यात पडून असलेले 'पीडीपी-७' हे लहान यंत्र शोधले आणि खेळ तिकडे नेला. त्या खटाटोपात ते यंत्र त्याच्या हाती बसले. पुढे त्याची पत्नी वर्षभराच्या मुलाला घेऊन तीन आठवडे कॅलिफोर्नियात नातलगांकडे गेली आणि त्या तीन आठवड्यांत या गृहस्थाने 'युनिक्स' या कार्यप्रणालीचा पाया घातला. युनिक्स केवळ खेळापायी झाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तसल्या प्रणालीचा विचार त्याच्या आणि त्याच्या सोबत्यांच्या मनात घोळतच होता. परंतु ज्या यंत्रावर ती उभी राहिली ते खेळाने मिळवून दिले, हे खरे. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरवल्ड्स याने युनिक्सच्याच धर्तीवर लिनक्स लिहिली. नांदेडच्या माळ्याखाली तीच चालू होती.

या प्रणालीत पडद्याआड मुकाट्याने राबणाऱ्या कार्यक्रमाला 'डीमन' म्हणतात. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी संस्थेत हे नाव पडले. मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने कल्पिलेल्या, अणुरेणूंची निवड करणाऱ्या एका अदृश्य द्वारपालावरून ते घेतले. आपल्याकडे असता तर त्याला वेताळ म्हटले असते. न दिसता गावाची राखण करणारा.

अनेकांनी मिळून एका जगात खेळण्याचा पहिला मोठा प्रयोग इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात झाला. १९७८ साली रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने 'मड' नावाचा खेळ लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टल याने तो १९८० साली पुढे नेऊन पुरा केला. त्यात चित्र एकही नव्हते. खोलीचे, रानाचे, वाटेचे वर्णन शब्दांत उमटे आणि खेळाडू 'उत्तरेस जा' असे लिहून पुढे सरके. कादंबरीकाराला याहून गोड खेळ कोणता? विद्यापीठाचे यंत्र रात्री रिकामे असे, तेव्हा बाहेरच्यांनाही तो खेळायची मुभा होती. पुरेसे गुण मिळविणारा खेळाडू तिथे 'विझर्ड', म्हणजे जादूगार होई. त्याला इतरांहून अधिक आज्ञा चालत. भांडणे सोडवावीत, दांडगाई करणाऱ्याला बाहेर काढावे, हे त्याचे काम. जो खेळात पारंगत झाला त्याला बक्षीस म्हणून खेळ राखण्याची जबाबदारी, हा न्याय मला फार आवडला.

पुढचे वळण १९९० नंतरचे. १९९३ च्या डिसेंबरात आलेल्या 'डूम' या खेळात चार जण एकमेकांशी यंत्रे जोडून खेळू शकत. तिथे मधे कोणी पंच नव्हता. चारही यंत्रे बरोबरीची, आणि त्यातले एक मंद असले की बाकीची तिघे खोळंबत. याच कंपनीने १९९६ च्या जूनमध्ये 'क्वेक' आणला आणि निवाड्याचे काम सर्व्हरकडे सोपविले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आलेल्या 'क्वेकवर्ल्ड'मध्ये सर्व्हरचा कार्यक्रमच वेगळा काढून लोकांच्या हाती दिला. ज्याला हवे त्याने तो आपल्या यंत्रावर चालवावा आणि दुरून आज्ञा देऊन त्याची व्यवस्था पाहावी. या दुरून आज्ञेला 'आरकॉन' म्हणत. मात्र तिचा परवलीचा शब्द तारेवरून उघडाच जाई, पोस्टकार्डावर घरची गोष्ट लिहावी तसा. त्यावरचा उतारा आधीच निघाला होता. १९९५ साली हेलसिंकीच्या तांत्रिक विद्यापीठात परवलीचे शब्द चोरण्याचा एक प्रकार उघडकीस आल्यावर तातू युलोनेन याने 'एसएसएच' ही बंद लिफाफ्याची पद्धत लिहिली. लातूरहून नांदेडला भाच्याची आज्ञा जाई ती या लिफाफ्यातून.

आमच्या भागात हे वारे आले ते सायबर कॅफेच्या रूपाने. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मोठ्या शहरांत इंटरनेट खुले केले आणि यथावकाश ते आमच्यापर्यंत पोहोचले. तरुणपणी मी नांदेडच्या एका कॅफेत पत्र धाडायला जाई, तेव्हा एका ओळीत मांडलेल्या आठ यंत्रांवर मुले 'काउंटर-स्ट्राइक' खेळत. १९९९ साली दोन हौशी तरुणांनी 'हाफ-लाइफ' या खेळावर रचलेला हा उपखेळ. तिथे नेहमी एकच तक्रार ऐकू येई, 'याच्याच मशीनवर गेम चालू आहे, म्हणून हाच जिंकतो!' मला तो कांगावा वाटे. भाच्याने सांगितले, की मुलांचे म्हणणे खरे होते. ज्याच्या यंत्रावर निवाडा होतो त्याची हालचाल तिथल्या तिथे पोहोचते. इतरांची तारेवरून, क्षणभर उशिरा. म्हणून पंचाचे यंत्र वेगळे हवे आणि पंचाने खेळू नये. 'मी खेळलो तर सांभाळायचं कोणी' या उत्तरामागे एवढा इतिहास होता.

सांभाळण्यात चुकाही होतात. पहिल्याच आठवड्यात आमच्याकडचे इंटरनेट तुटले आणि तिकडे नांदेडचा खेळ बंद पडला. जुन्या काळी टेलिफोनवरून संगणकाशी बोलत, तेव्हा कोणी फोन ठेवला की त्याने सुरू केलेले काम यंत्र बंद करी. 'हँग-अप' नावाचा तो इशारा अजून जिवंत आहे. त्यावर १९८७ पासूनचा 'स्क्रीन' हा उपाय आहे. त्यात कामाला आतल्या खोलीत बसवावे, म्हणजे बाहेर फोन ठेवला तरी त्याला पत्ता लागत नाही. भाच्याने तो केला आणि निश्चिंत झाला.

मग मृगाचा पाऊस आला. जूनमधल्या एका रात्री नांदेडची वीज गेली ती पहाटे आली. वीज जाऊन यंत्र बंद पडले, की चालू करायला तिथे माणूस लागतो. माझी बहीण सातवी शिकलेली. तिने फोन कानाशी धरून डब्याचे बटण दाबले आणि घरच्या इंटरनेटचा बदललेला पत्ता आपल्या मोबाइलवर पाहून चार आकडे एकेक करून वाचून दाखविले, तार वाचावी तसे. खेळ सुरू झाला. पण कंधारच्या किल्ल्याचा पूर्वेकडचा निम्मा भाग नाहीसा झाला होता. जग लिहून ठेवीत असतानाच वीज गेली आणि त्या भागाची फाइल बिघडली. जवळची प्रत होती ती अकरा दिवसांपूर्वीची.

उदगीर शाबूत आणि कंधार भग्न! नांदेडच्या मुलांनी सरळ आरोप केला, की दादा लातुरात राहतो, मामाच्या घरचे खातो, त्याने लातूरची बाजू घेतली. भाचा दोन घास कमी जेवला. त्याच्या हाती सर्व आज्ञा होत्या. 'गिव्ह' म्हटले असते तर हवा तेवढा दगड मुलांच्या झोळीत पडला असता आणि कोणाला कळलेही नसते. मीच म्हणालो, "दे ना, काय बिघडतंय?" तो म्हणाला, "मामा, एकदा दिला की उद्या उदगीरवाले मागतील. आणि मग खेळ कशाचा?"

त्याने काय केले? सर्व्हर आपली एक नोंदवही ठेवीत असतो. कोण किती वाजून किती मिनिटांनी आले, कधी गेले, कोणती आज्ञा कोणी दिली, सारे क्रमवार. त्या रात्रीची पाने त्याने जशीच्या तशी बाराही जणांना धाडली. वीज गेल्याच्या क्षणी नोंद तुटलेली होती. तिच्या आधी त्याची एकही आज्ञा नव्हती. सोबत त्याने दोन ओळी लिहिल्या, की प्रत रोज काढायला हवी होती, ती मी काढली नाही, चूक माझी आहे. मी आयुष्यभर मुलांना बखर आणि अस्सल कागद यांतला फरक शिकवीत आलो, पण आपल्याविरुद्धचाही कागद आपणहून पुढे करणारा सूत्रधार मी त्या दिवशी पाहिला.

शेवट अगदी गोड झाला असे नाही. दोन दिवस भांडण चालले. एक मुलगा रुसून गेला तो परत आला नाही. जुन्या प्रतीतून तेवढाच भाग आणून बसविला, आणि लातूरची चार मुले दगड घेऊन कंधारला मदतीस गेली. दोघे मात्र 'आमचं आम्हांला पुरे आहे' म्हणून उदगिरातच राहिले. भाच्याने रोज रात्री तीन वाजता आपोआप प्रत निघेल अशी योजना केली आणि ती प्रत नांदेडहून लातूरला येईल असे पाहिले. एका गावावर वीज पडली तर जग दुसऱ्या गावात असावे. जुलैअखेर प्रवासाचा पास मिळून तो घरी गेला. प्रत अजून माझ्या कपाटात आहे.

यानंतर महिन्याभराने एक घटना घडली. २ सप्टेंबर २०२० रोजी भारत सरकारने देशाच्या सुरक्षेचे कारण देऊन ११८ ॲपवर बंदी घातली, त्यांत 'पबजी मोबाइल' होता. तरीही ज्यांच्या फोनमध्ये तो आधीच होता ती मुले काही दिवस खेळत राहिली. ३० ऑक्टोबरला कंपनीने भारतातील खेळाडूंसाठी सर्व्हर बंद केले आणि त्याबरोबर खेळ संपला. फोन तोच, खेळाचे चित्र तेच, पण पलीकडे निवाडा करणारा कोणी नाही. दिवाळी पंधरवड्यावर आली होती. आमच्या शेजारचा मुलगा फोन हातात घेऊन पायरीवर बसला होता, माळरानात एसटी चुकलेल्या माणसासारखा.

ती बंदी योग्य की अयोग्य हा माझा विषय नाही. मला दिसला तो फरक. 'क्वेक'वाल्यांनी सर्व्हर लोकांच्या हाती दिला आणि १९९९ च्या डिसेंबरात खेळाचा मूळ संहितालेखही खुला केला. म्हणून तो खेळ आजही ज्याला हवा त्याच्या घरी चालतो. 'माइनक्राफ्ट' २०१४ साली अडीच अब्ज डॉलरांना विकला गेला, तरी त्याचा सर्व्हर आपल्या माळ्याखाली ठेवता येतो; फक्त पहिल्या वेळी कराराच्या फाइलीत 'फॉल्स'च्या जागी 'ट्रू' असे आपल्या हाताने लिहावे लागते, नाहीतर तो सुरूच होत नाही. फोनवरच्या बहुतेक मोठ्या खेळांत मात्र सर्व्हर कंपनीच्या घरी, सूत्र कंपनीच्या हाती. आपली मुले दुसऱ्याच्या अंगणात खेळतात. दार उघडे आहे तोवर खेळावे. स्वतःचे अंगण ठेवायचे तर ते झाडावे लागते, रात्री उठून पाहावे लागते आणि चूक झाली तर ती कबूल करावी लागते. हे सारे माझ्या भाच्याने खेळापायी शिकून घेतले. आणि मी मास्तर असून त्याला खेळाचे व्यसन लागले असे समजत होतो.

भाचा आता नोकरीनिमित्त पुण्यास असतो. डबा अजून माळ्याखालीच आहे. बारांतली पाच मुले राहिली, काही नवी आली. मध्यंतरी मी बहिणीकडे गेलो होतो. सायंकाळी आभाळ भरून आले आणि गडगडू लागले. तिने चुलीवरचे भगुणे उतरविले, हात पुसले आणि डब्याला अलीकडे जोडलेल्या बटणांच्या पाटीवर एकेक अक्षर शोधीत तिने लिहिले, की पोरांनो, विजा चमकायल्यात, पाच मिनिटांनी बंद करते, आवरून घ्या. मग घड्याळाकडे पाहत उभी राहिली. पाच मिनिटे झाल्यावर तिने 'लिस्ट' म्हणून आत कोणी उरले नाही ना ते पाहिले, 'स्टॉप' लिहिले आणि अक्षरे थांबेपर्यंत थांबून मगच वीजेचे बटण खाली केले.

"सगळे गेले ना गं घरी?" मी विचारले.

"एक होता उदगीरच्या बुरुजावर," ती म्हणाली, "त्याला खाली उतरू दिलं, मग केलं बंद."